दलिचंद शेठचा भाऊ

धुळ्यात पाचकंदिलाच्या मागच्या गल्लीत दलिचंद हंसराज यांचं मिरचीचं दुकान होतं. ते डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळायचं. नवखं गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडाशीच खाकरू लागे, पायरीवर येईतो शिंकांचा सपाटा सुरू होई, आणि गादीवरचे दलिचंद शेठ जराही न हसता म्हणत, "या, या. काम नंतर सांगा, आधी शिंकून घ्या."

त्या दुकानात कधीही न शिंकणारा माणूस एकच, वना. पोत्यांच्या थप्पीत कमरेपर्यंत रुतून तो मिरची खालवर करायचा, ओली निघाली की माडीवर पसरायचा, देठ खुडायचा, तोलायचा, पण नाक म्हणून हुळहुळायचं नाही. स्वतः शिंकत नसे, मात्र दुसऱ्यांच्या शिंका त्याला तोंडपाठ होत्या. दुकानामागच्या घरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तो जेवायला बसला की शेठची बायको प्रेमकुंवर विचारायची, "आज कुण कुण आयो, वना?"

मग वना हातातला घास तसाच ठेवून एकेकाला हजर करी. साक्रीकडचा पाटील शिंके तो दवंडी पिटल्यासारखा, म्हणजे माडीवरची कबुतरं उडावीत. कोर्टातला बेलीफ शिंकण्याआधी उजवीकडे बघे, डावीकडे बघे, जणू वरून हुकूम यायचाय. शाळेतल्या बाई मांजरीएवढं शिंकत आणि लगेच पोत्याकडे वळून "माफ करा हं" म्हणत. प्रेमकुंवर पदराचा बोळा तोंडात कोंबे, आतून शेठ ओरडत, "अरे, त्याला जेवू द्या! सूर्य चालला."

कारण ते घर जैनांचं. सूर्य मावळला की चूल थंड आणि तोंड बंद. वनाचंही तसंच.

वना मूळचा पिंपळनेरकडचा, शेतमजुराचा मुलगा. पटकीच्या साथीत त्याचे आईबाप गेले. थोरली बहीण दिवालीबाई लग्न होऊन सासरी होती, तिच्याच घरात खाणारी तोंडं जास्त. त्या वर्षी दलिचंद, ज्यांना तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं, तिकडे मिरचीच्या खरेदीला गेले होते. परतीच्या गाडीत पोत्यांवर हे पोर बसून आलं, ते आलंच. शेठना तो 'दादा' म्हणे, प्रेमकुंवरला 'भाभी'. घरात कांदा-लसूण नव्हता, त्याचाही सुटला. वांग्यात बिया फार, जीव फार, म्हणून घरात वांगं वर्ज्य, तेही त्यानं सोडलं. खानदेशात जन्मून भरीत न खाणारा माणूस! हिवाळ्यात बहिणीकडे गेला, की तिथे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलेली असत, हिरव्या मिरचीचा ठसका अंगणभर, सगळी पंगत भरतावर तुटून पडलेली, आणि वना बाजूला बसून नुसतं बघतोय.

"खाय ना रे," दिवालीबाई म्हणे.

"दिन बुडी गया, अक्का."

"लय मोठा मारवाडी व्हई गया मन्हा भाऊ!"

सगळी पंगत हसे. वनाही हसे. आणि गंमत अशी, की धुळ्यात शेठचे सोयरे आले की त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत, "वो? वो तो खानदेशी है."

पगार हा शब्द त्याच्या बाबतीत त्या घरात कधी निघालाच नाही. दिवाळीला शेठच्या निर्मलकुमारसाठी कापड फाडलं, की त्याच ताग्यातून वनाचा सदरा. ताप आला तर वैद्य घरी. काही लागलं तर गल्ल्यात हात घालावा आणि दादाला सांगावं. आणि वर्षातून एकदा, पर्युषणाच्या अखेरीस संवत्सरीला, घरातली सगळी एकमेकांपुढे हात जोडून 'खमत खामणा' म्हणत: वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल तर क्षमा कर. शेठ स्थानकातून, म्हणजे जैनांच्या प्रार्थनागृहातून, घरी आले, की पहिले हात जोडत ते वनापुढे. कोणी विचारलं तर म्हणत, "सालभर मी सगळ्यात जास्त ओरडतो कोणावर? ह्याच्यावर. मग पहिली माफी ह्याचीच."

असं चाललं होतं, तोवर बावन्नच्या सुमारास नगरपालिकेचे सुकदेवराव गल्लीत आले.

सुकदेवराव म्हणजे गुमास्ता इन्स्पेक्टर. दुकानांचा कायदा आता आपल्याकडे जोरात लागू होणार, प्रत्येक दुकान नगरपालिकेत नोंदलं पाहिजे, उघडायची वेळ, मिटायची वेळ, आठवड्यातून एक वार बंद, नोकर किती, घरचे किती, सगळं कागदावर हवं. सुकदेवरावांचं प्रत्येक वाक्य "कायद्यानं बघायला गेलं तर" असं सुरू होई. दलिचंदच्या दुकानात ते तिथपर्यंतच पोचत, पुढे शिंक.

"दुकानाचं नाव?"

"दलिचंद हंसराज."

"हंसराज कुठायत?"

"वर."

सुकदेवरावांनी माडीकडे मान केली.

"त्याच्याही वर," शेठ म्हणाले. "वडील होते आमचे."

"अस्सं. साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी?"

"सुट्टी कशाला? मिरची काय आजारी पडते?"

"कायद्यानं बघायला गेलं तर... आक्छी! एक वार... आक्छी! सांगावाच लागतो."

"बुधवार लिहा. आणि नाक पुसा."

गल्लीतली दोन-चार माणसं पायरीशी जमून खुदखुदत होती. वना आत तागडीवर मिरची तोलत होता आणि ही शिंक संध्याकाळी भाभीपुढे कशी करायची याचा मनात सराव करत होता.

"कामात घरची माणसं कोण?"

"मुलगा, निर्मलकुमार. शाळेतून आला की बसतो."

"नोकर?"

"वना."

तागडी हवेत थांबली. गिऱ्हाईक म्हणालं, "ओ भाऊ, तोला ना." वनानं तोललं, बांधलं, दिलं. दिवसभर काम केलं. संध्याकाळी मात्र तो उंबऱ्याशी आलाच नाही. दुकानाच्या फळीवर पाठ करून बसला. प्रेमकुंवरनं दोनदा हाक मारली, मग स्वतः मागच्या दारात आली.

"वना, सूरज डूबे है."

"भाभी, नोकरनं जेवन आठे फळीवरच धाडी द्या. पत्रावळवर."

ती घाबरून आत गेली. शेठ बाहेर आले. आधी ओरडले, तो ऐकेना, मग त्याच्याजवळ फळीवर बसले.

"अरे गाढवा, तुझ्याच भल्यासाठी सांगितलं मी. नोकर लिहिलं की मला तुझा पगार ठरवावा लागेल. रजा द्यावी लागेल. उद्या मी नसलो तर तू कोणाकडे बघशील?"

"निर्मलकडे."

"आणि निर्मलनं विचारलं, तू कोण? तर?"

वनाला हसूच आलं. "त्याले मी खांदावर बसाडीसन शाळामा लई जास. तो माले इचारी, तू कोन?"

सूर्य केव्हाच गेला होता. त्या रात्री दोघंही उपाशी राहिले.

दुसऱ्या दिवशी वना सरळ नगरपालिकेत सुकदेवरावांसमोर उभा, मागे शेठ. मिरचीपासून लांब असल्यामुळे सुकदेवरावांना आज सलग बोलता येत होतं, आणि ते बोलले. "हे बघ वना, नोकर म्हणजे शिवी नाही. मीसुद्धा नोकरच. नगरपालिकेचा."

"तुम्ही पगार लेतस ना, रावसाहेब?"

"घेतो की."

"मी लेत नही."

"म्हणूनच म्हणतो, घे. कायद्यानं बघायला गेलं तर तुझा हक्क तयार होतो."

"घरना मानूसले कोनी पगार देस का? तुम्ही तुमना भाऊले देतस?"

सुकदेवरावांनी शेठकडे पाहिलं. घरच्या माणसांच्या रकान्यावर टाक टेकवून म्हणाले, "ठीक. पण नातं काय लिहू? हे कोरं नाही ठेवता येत."

शेठ वनाकडे बघत राहिले. त्याच्या भुवयांत, कानांत, बोटांच्या पेरांत लाल पूड बसलेली होती, धुऊन न जाणारी.

"भाऊ लिहा."

"सख्खा?"

"तुमच्या कागदात सख्खा-चुलत अशी जागा आहे?"

"नाही."

"मग भाऊ लिहा नुसतं."

बाहेर येईतो वनाच्या चालीत इतका रुबाब आला होता की आग्रा रोडवर दोन टांगेवाल्यांनी त्याला रामराम घातला. महिन्याभरात नोंदणीचा दाखला आला, शेठनी तो काचेत मढवून गादीच्या वर टांगला. त्यावर फक्त शेठचं नाव आहे, घरच्यांची नावं नगरपालिकेच्या कपाटात राहतात, हे सुकदेवरावांनी वनाला सांगितलं. वना म्हणाला, "भितडावर कसाले जोयजे? घरमा शे ते बस शे." तरी रोज सकाळी काच पुसायचा तोच.

आता दर बुधवारी गल्लीतले सगळे नोकर धुतलेले कपडे घालून पिक्चरला जात. "वना, येतो का?" म्हणून हाका मारत. वना फळीच्या फटीतून ओरडे, "सुट्टी नोकरले राहास, भो!" आणि आतून बंद दुकानात मिरचीचे देठ खुडत बसे. एका बुधवारी सुकदेवरावांनीच फळी वाजवली.

"आत कोण आहे? बंदच्या दिवशी काम चालू?"

"घरना मानूस शे," आतून आवाज आला.

"घरचा कोण?"

"दलिचंद शेठना भाऊ."

"सख्खा?" सुकदेवरावांनीही थट्टेत विचारलं.

"तुमनाच हातनं लिखेल शे, रावसाहेब! इसरी ग्यात?"

बाहेरून हसू आलं, त्या पाठोपाठ शिंक आली. ही बंद फळीआडची शिंक वनाच्या खेळात पुढे कैक वर्षं गाजली.

मधे दिवालीबाईनं त्याच्यासाठी एक मुलगी बघितली. मुलीचा बाप धुळ्याला येऊन दुकान बघून गेला, खूश होता. जाताना त्यानं विचारलं, "पगार किती?" वना म्हणाला, "पगार नही. मी घरना शे." "मग दुकानात वाटा किती?" वना म्हणाला, "वाटा कसा? दुकान दादानं शे." बापानं टोपी नीट केली आणि पिंपळनेरच्या एसटीत जाऊन बसला. पुन्हा फिरकला नाही. दिवालीबाई खूप रडली. वनानं त्या बापाची टोपी नीट करायची लकब भाभीला करून दाखवली, पण त्या दिवशी प्रेमकुंवर हसली नाही.

वर्षं गेली. निर्मलकुमार खांद्यावरून उतरला, कॉलेजात गेला, गादीवर बसू लागला. त्याला अहिराणी येत होती ती वनाची. शेतकऱ्यांशी बोलायला लागला की पाठमोरा वनाच बोलतोय असं वाटे. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, ती वनाच्या मांडीवर बसून बेलीफाची शिंक शिकली. मग बहात्तरचा दुष्काळ आला. मिरची महाग झाली, माणसं स्वस्त झाली, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात दलिचंद शेठ दुपारी गादीवर टेकले ते उठले नाहीत. वनानं डोकं भादरलं. खांदा दिला. कोणी अडवलं नाही.

मालक बदलला की नगरपालिकेला कळवावं लागतं. बाराव्यानंतर निर्मलकुमारचा मेहुणा सुरेशचंद जळगावहून मुक्कामाला आला होता. जळगावला त्याची कापसाची दलाली, खिशाला दोन पेनं, आणि वकिलांत ऊठबस. जुन्या अर्जाची नक्कल त्यानं वाचली आणि निर्मलकुमारला माडीवर नेलं.

"जीजाजी, कागज पे भाई लिखा है. कल को कोर्ट में खड़ा हो गया तो आधी दुकान उसकी."

"वना काका? ते उभे राहणार?"

"वो नहीं. उसकी बहन के लड़के."

निर्मलकुमारनं ते हसून उडवलं. पण दिवालीबाईला तीन मुलगे होते, आणि ते शेठच्या दहाव्याला येऊन दुकान नीट बघून गेले होते. हे सुरेशचंदनं सांगायची गरज पडली नाही, निर्मलकुमारला स्वतःलाच आठवलं.

सुकदेवराव आले. केस पांढरे झालेले, शिंका त्याच. वनानं त्यांच्यासाठी चहा आणायला आत पाऊल टाकलं.

"कामात घरची माणसं?"

"कोणी नाही," निर्मलकुमार म्हणाला. "मी एकटाच."

टाक थांबला. "आणि वना?"

"नोकरांत लिहा."

"कधीपासून रुजू?"

निर्मलकुमारनं सुरेशचंदकडे पाहिलं. सुरेशचंद पेनाचं टोपण उघडत-लावत होता.

"आजपासून."

"आजपासून? निर्मलशेठ, कायद्यानं बघायला गेलं तर..." सुकदेवराव नेहमीप्रमाणे तिथेच अडले. पण शिंक आली नाही.

वना कपबशी घेऊन दारात उभा होता. त्यानं ती त्यांच्यापुढे ठेवली. सांडली नाही.

"लिखा, रावसाहेब. आजपासून."

"काका," निर्मलकुमार घाईनं म्हणाला, "हे कागदापुरतं आहे हो. घरात तुम्ही तेच."

"हा," वना म्हणाला.

कागदापुरतं असतं हे त्याला कुठे माहीत होतं? मागच्या वेळी कागदावर चढलं, तेव्हापासूनच तो हक्कानं भाऊ झाला होता. आता उतरवलं, म्हणजे उतरलाच. निर्मलकुमारला वाटलं होतं, काका थोडे रुसतील, एक वेळ जेवणार नाहीत, आई समजूत काढेल. वना रुसला नाही. तो नोकर झाला.

सकाळी दुकान उघडायच्या वेळी येई, साडेआठला फळ्या लावून जाई. दुकानातली वळकटी उचलून त्यानं नदीच्या बाजूला एक खोली घेतली. पहिल्या पगाराला निर्मलकुमारनं पाकीट पुढे केलं, तेव्हा त्यानं ते इतर नोकर घेतात तसं दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. निर्मलकुमारला त्यानंतर ते त्याच्या हाती द्यायला जमलं नाही, तो गादीच्या कोपऱ्यावर ठेवी.

संध्याकाळी प्रेमकुंवर ताट वाढून उंबऱ्याशी बसे. तांबड्या उन्हाची तिरीप भिंतीवरून वर सरके, निघून जाई. मग ती ताट उचलून मागच्या गायीला घाली. वना साडेआठनंतर खाणावळीत जेवे. पहिल्या रात्री आमटीतला कांदा त्याच्या पोटात ठरला नाही, नाल्यावर जाऊन सगळं ओकला. दुसऱ्या रात्री पुन्हा गेला.

बुधवारी तो सुट्टी घेई. काय करायचं ते कळत नसे. पांझरेच्या काठी जाऊन बसे. तिथे एकदा सुकदेवराव भेटले.

"काय वना, आज दुकानात नाही?"

"सुट्टी शे, रावसाहेब. नोकरले राहास."

सुकदेवराव त्याच्या शेजारी बसले. बराच वेळ नदीत काही पाणी आहे का ते बघत राहिले. उठताना म्हणाले, "तेव्हाच ऐकायचं होतंस रे माझं." वनानं मान डोलावली. ते खरं होतं की नव्हतं, त्याला कळत नव्हतं. ऐकलं असतं तर मधली सगळी वर्षं तो नोकर असता. नाही ऐकलं म्हणून ती वर्षं तो भाऊ होता.

शिंका बंद झाल्या. निर्मलकुमारची मुलगी पोत्यावर चढून म्हणे, "वना आजोबा, बेलीफ करा ना!" तो म्हणे, "कामनी येळ शे, बाई. मालक चिडतीन." ती खळखळून हसे, तिला वाटे ही नवी नक्कल.

त्या वर्षी संवत्सरी आली. निर्मलकुमार स्थानकातून थेट दुकानाशी आला. दुकान बंदच ठेवलं होतं, पण वना पायरीवर बसून होता, कारण वार बुधवार नव्हता आणि त्याला कोणी येऊ नको असं सांगितलं नव्हतं. निर्मलकुमार त्याच्यासमोर उभा राहिला. वडील जोडत तसे त्यानं दोन्ही हात जोडले.

"खमत खामणा, काका."

वना उठला. धोतराला हात पुसले, जोडले, थोडा वाकला.

"खमत खामणा, शेठ."

त्या घरात आजवर वनानं कोणालाच शेठ म्हटलं नव्हतं. निर्मलकुमारचे हात जोडलेलेच राहिले. तोवर वनानं विचारलं, "उद्या टाईमवर उघडना शे ना?" आणि तो निघून गेला.

थंडीत वनाला ताप येऊ लागला. त्यानं रजा मागितली, जन्मातली पहिली. निर्मलकुमार म्हणाला, "काका, इथेच राहा, वैद्यांना बोलावतो." वना म्हणाला, "रजानं लिखी ल्या," आणि बहिणीकडे गेला. दिवालीबाईनं वांगी भाजली, कांदा न घालता भरीत केलं, दिवस असतानाच पुढे ठेवलं. त्यानं एक घास घेतला, तिच्यासाठी. म्हणाला, "चांगलं शे, अक्का." मग कूस बदलली.

बातमी घेऊन भाचा धुळ्याला आला तो बुधवारी. दुकानाच्या फळ्या लागलेल्या, तेव्हा तो मागच्या दारानं आला. निर्मलकुमार ओट्यावर पेपर वाचत होता. भाच्यानं सांगितलं, पाण्यालाही न थांबता परत फिरला. वाटा बिटा त्याच्या तोंडून काही निघालं नाही.

निर्मलकुमार बसून राहिला. घरचं कोणी गेलं तर दुकान बंद ठेवतात, नोकर गेला तर नाही. आज ठरवायचा प्रश्नच नव्हता. बुधवार होता.

आत पाण्याचा आवाज झाला. तो न्हाणीकडे गेला. प्रेमकुंवर नेसत्या लुगड्यानिशी, एवढ्या थंडीत, डोक्यावरून तांब्यामागून तांब्या गार पाणी ओतून घेत होती. सुतकाची आंघोळ.

"माँसा, हे काय? आपल्याला सुतक नाही. ते नोकर होते."

तिनं तोंडावरचे ओले केस मागे सारले.

"थारे सूतक नहीं होसी, निर्मल," ती म्हणाली. "म्हारो तो देवर गयो है."

आणि तिनं रिकामा तांब्या त्याच्यापुढे धरला. तो घ्यायला त्याचा हात पुढे झाला नाही. न्हाणीच्या दारात, सगळीकडे पाणी वाहत असताना, निर्मलकुमार कोरडा उभा होता.